एका वाक्यातून फ्रेंच व्याकरण: त्यांचे चार ऋतू, आपला पावसाळा

गोव्यात फ्रेंच शिकणाऱ्यांची कमी नाही. अनेक शाळांत ती तिसऱ्या भाषेचा पर्याय म्हणून असते, गोवा विद्यापीठात तिचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं आणि पर्यटनात काम करू पाहणारी मुलं ती आवर्जून घेतात. अडतं ते सुरुवातीलाच. आधी क्रियापदांचे तक्ते, मग आर्टिकलचे तक्ते, आणि सगळं इंग्रजीतून समजावलेलं. मराठी घरातल्या मुलाला मग ही भाषा दुप्पट परकी वाटते. वास्तविक नामाचं लिंग, लिंगानुसार बदलणारं विशेषण, ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांतला फरक, यातलं इंग्रजीत जवळजवळ काहीच उरलेलं नाही. मराठीत आपण ते सकाळपासून रात्रीपर्यंत बोलत असतो. म्हणून माझं सांगणं असं, की इंग्रजीचा वळसा टाळा, मराठीतून सरळ फ्रेंचकडे जा, आणि तक्त्यांऐवजी एक वाक्य पक्कं धरा. ते वाक्य हे:

‘आं फ्रांस, इल या कात्र सेझों: ल प्रॅंतां, लेते, लोतॉन ए लिव्हेर.’

फ्रान्समध्ये चार ऋतू आहेत: वसंत, उन्हाळा, शरद आणि हिवाळा. पहिल्या दोनतीन महिन्यांत लागणारं बहुतेक व्याकरण या एका ओळीत आहे. उच्चार मी देवनागरीत देतो आहे. वहीत मात्र डाव्या पानावर मूळ स्पेलिंग शब्दकोशात बघून लिहा आणि उजव्या पानावर उच्चार. फ्रेंचमध्ये या दोघांची फारकत इतकी आहे, की नुसतं एक लिहून चालत नाही.

पायरी पहिली: आधी तोंड, मग व्याकरण

वर दिलेल्या उच्चारांतला अनुस्वार ‘न’ किंवा ‘म’ असा वाचू नका. ‘फ्रांस’ म्हणजे ‘फ्रान्स’ नव्हे. स्वर नाकातून निघतो आणि जीभ टाळूला लागत नाही. पुण्यामुंबईच्या विद्यार्थ्याला हे मुद्दाम शिकवावं लागतं, गोव्यातल्याला लागत नाही, कारण कोंकणीत हे स्वर जिवंत आहेत. सत्तरी तालुक्यातली एक विद्यार्थिनी ‘सेझोन, सेझोन’ असंच म्हणत होती. मी तिला कोंकणीतलं ‘हांव’ म्हणायला लावलं, मग फक्त ‘हां’, आणि तो ‘हां’ लांबवत ठेवून ओठ गोल करायला सांगितलं. नाकातला ‘ओं’ आपोआप आला. त्याच्या आधी ‘सेझ’ जोडलं आणि शब्द तयार झाला. घरी करताना नाकपुडीला हलकं बोट लावा. स्वर नाकात असेल तर बोटाला कंप कळतो.

‘सेझों’मधला झ हा ‘झेब्रा’तला. इथे एक नियम हाती लागतो: दोन स्वरांच्या मध्ये एकटा ‘एस’ आला तर तो झ होतो आणि जोडीने आला तर स राहतो. म्हणून ऋतू तो ‘सेझों’, पण मोसमी पाऊस तो ‘मुसों’. दोन्ही शब्द गोव्याबद्दल बोलताना हमखास लागणार आहेत, तेव्हा ही जोडी एकत्रच पाठ करा.

राहिला ‘र’. फ्रेंच र जिभेच्या टोकाने नव्हे, घशाजवळ होतो. तो लगेच जमला नाही तर आपला र वापरा आणि पुढे चला. त्यामुळे कुणाचा अर्थ चुकत नाही. नाकातल्या स्वरांत गोंधळ झाला तर मात्र चुकतो, म्हणून सगळा जोर तिकडे द्या.

शेवटची व्यंजनं बहुधा मुकी असतात. ‘प्रॅंतां’ लिहिताना नऊ अक्षरं लागतात: पी, आर, आय, एन, टी, ई, एम, पी, एस. शेवटचे पी आणि एस कुणीच उच्चारत नाही. तो एस अनेकवचनाचाही नाही, एकाच वसंताला तो असतो. ‘लोतॉन’मध्ये एन-ई च्या आधी एक मुका एम बसलेला आहे, लिहिताना तो विसरू नका. ‘लिव्हेर’चा र मात्र बोलायचा.

पायरी दुसरी: ल, ला, ले

फ्रेंच नामाला पुढे एक छोटा शब्द, म्हणजे आर्टिकल, लागतो. पुल्लिंगी एकवचनी असेल तर ‘ल’, स्त्रीलिंगी असेल तर ‘ला’, अनेकवचन असेल तर दोन्ही लिंगांना ‘ले’. ‘ल’चा उच्चार आपल्या ‘ल’सारखाच, अ-कारान्त. पुढे स्वर आला की ल आणि ला दोघांचाही स्वर गळतो आणि नुसता ल् पुढच्या शब्दाला चिकटतो: एते (उन्हाळा) चा लेते, ओतॉन चा लोतॉन, इव्हेर चा लिव्हेर. ‘इव्हेर’ लिहिताना सुरुवातीला ‘एच’ असतो, पण तो मुका असल्यामुळे संधी होतेच. संधी शब्द इथे मी मुद्दाम वापरतो. शाळेत संस्कृत घेतलेल्या मुलांना ही कल्पना समजावून सांगावीच लागत नाही.

पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारिया यांचा पुतळा आहे. ते कांदोळीत जन्मले, पुढे फ्रान्समध्ये राहिले आणि संमोहनावर त्यांनी फ्रेंचमध्ये लिहिलं. फ्रेंच त्यांना ‘लाबे फारिया’ म्हणतात. ‘आबे’ म्हणजे धर्मगुरू, त्याला ‘ल’ जोडल्यावर झाला ‘लाबे’. पुतळ्याजवळून जाताना हा नियम मनात म्हणा, विसरणार नाही.

आता लिंग. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा हे तिन्ही मराठीत पुल्लिंगी. फ्रेंचमधलेही चारही ऋतू पुल्लिंगी आहेत, म्हणजे इथे पाठ करायला काहीच नाही. पण ‘सेझों’ हा शब्द स्वतः स्त्रीलिंगी (ला सेझों), तर आपला ‘ऋतू’ पुल्लिंगी. आपला पाऊस ‘तो’, फ्रेंचांची ‘ला प्लुई’ ती. मुसोंही स्त्रीलिंगी, ‘ला मुसों’. मराठीचं लिंग फ्रेंचवर लादता येत नाही. मराठीने दिलेली सवय मात्र कामी येते: निर्जीव वस्तूला लिंग का, हा प्रश्न आपल्याला पडत नाही. नाम नेहमी ल किंवा ला सकट पाठ करा, सुटं कधीच नाही.

घरात पोर्तुगीज शिकलेले आजोबा किंवा शेजारी असतील तर त्यांना ऋतूंची नावं विचारा. औतोनु आणि इंव्हेर्नु हे ओतॉन आणि इव्हेरचे भाऊबंद सहज ओळखू येतात, क्वात्रु आणि कात्रही तसेच. सावध राहा ते वसंताला. पोर्तुगीज प्रिमाव्हेरा स्त्रीलिंगी आहे, फ्रेंच प्रॅंतां पुल्लिंगी.

अनेकवचनाचं काय? लिहिताना ‘सेझों’ला एस लागतो, बोलताना काहीच बदलत नाही. यात नवल वाटू नये, कारण मराठीतही ‘एक ऋतू, चार ऋतू’ असंच आहे. ऐकणाऱ्याला वचन कळतं ते पुढच्या शब्दावरून: ला सेझों, ले सेझों, कात्र सेझों.

पायरी तिसरी: ‘इल या’ आणि कर्त्याची सक्ती

‘इल या’ म्हणजे ‘आहे’ किंवा ‘आहेत’, अमुक ठिकाणी काहीतरी असणं. मराठीत क्रियापद वचनानुसार बदलतं, ‘एक ऋतू आहे, चार ऋतू आहेत’. ‘इल या’ मात्र जागचं हलत नाही: इल या यून सेझों, इल या कात्र सेझों. ‘यून’ म्हणजे एक, स्त्रीलिंगी. पुल्लिंगी एक म्हणजे नाकातला ‘अं’.

यातला ‘इल’ म्हणजे खरं तर ‘तो’. इथे तो कुणी नाही, पण फ्रेंच वाक्य कर्त्याशिवाय उभं राहत नाही म्हणून आणून बसवलेला आहे. आपण ‘जातो’, ‘जातेस’ एवढंच म्हटलं तरी कोण ते कळतं, कारण क्रियापदाचा शेवट ऐकू येतो. फ्रेंचमध्ये तो शेवट बरेचदा मुका असतो. आवडणे या क्रियापदाची मी, तू, तो आणि ते यांची रूपं लिहिताना तीन तऱ्हांची, बोलताना चारही ठिकाणी ‘एम’. कर्ता नसेल तर ऐकणाऱ्याला काही कळणारच नाही. म्हणून सक्ती.

नकार करायचा तर क्रियापदाच्या आधी ‘न’ आणि नंतर ‘पा’, दोन्ही. ‘इल या’चं होतं ‘इल न्या पा’. आणि नकारानंतर अं, यून यांच्या जागी ‘द’ येतो, स्वरापुढे नुसता द्. गोव्यात शरद ऋतू नाही: ‘आ गोआ, इल न्या पा दोतॉन’. रोजच्या बोलण्यात फ्रेंच लोक ‘न’ गाळतात, तुम्ही लिहिताना गाळू नका.

पायरी चौथी: ‘मध्ये’ कुठे आणि कसं

मराठीत प्रत्यय शब्दाच्या मागे लागतो आणि त्यासाठी शब्दाचं सामान्यरूप होतं: गोवा, गोव्यात. फ्रेंचमध्ये ‘मध्ये’ पुढे येतं आणि नाम जसंच्या तसं राहतं. म्हणजे इथे फ्रेंच मराठीपेक्षा सोपी. कटकट एवढीच, की ‘मध्ये’साठी शब्द एकच नाही.

स्त्रीलिंगी देशापुढे ‘आं’: आं फ्रांस, आंनॅंद (भारतात). पुल्लिंगी देशापुढे ‘ओ’: ओ पोर्त्युगाल, ओ कानादा. गावापुढे ‘आ’: आ पारी, आ मडगाव. भारतातल्या राज्यांपैकी केरळ आणि महाराष्ट्र पुल्लिंगी मानतात, म्हणून ओ केराला, ओ माहाराष्ट्रा. गोव्याला मात्र आर्टिकल लागत नाही, तेव्हा गावासारखं ‘आ गोआ’. पर्यटकांशी बोलताना पहिल्याच वाक्यात हे लागतं.

ऋतूंचंही असंच. उन्हाळ्यात, शरदात आणि हिवाळ्यात यांना ‘आं’, वसंतात याला ‘ओ’. ओळखायची सोपी खूण अशी, की स्वराने सुरू होणाऱ्या तिघांना आं आणि व्यंजनाने सुरू होणाऱ्या एकट्या प्रॅंतांला ओ. हा ‘ओ’ म्हणजे ‘आ’ अधिक ‘ल’ यांचं एकरूप. आणि स्वरापुढे आंमधला मुका न बोलका होतो: आंनेते, आंनोतॉन, आंनिव्हेर. मोठ्याने दहा वेळा म्हणा, जिभेला ते वळण बसलं पाहिजे.

महिन्यांना नेहमीच ‘आं’. आपल्याला महिन्यांवर भर द्यायला हवा, त्यामागे कारण आहे. फ्रान्सचा वसंत साधारण २० मार्चपासून २१ जूनपर्यंत, उन्हाळा तिथून सप्टेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत, हिवाळा २१ डिसेंबरच्या आसपास सुरू. आपला रणरणता एप्रिल-मे त्यांच्या वसंतात पडतो. तुम्ही ‘आंनेते’ म्हणालात तर फ्रेंच माणसाच्या डोळ्यांपुढे जुलै-ऑगस्ट येतो, आणि त्या दिवसांत गोव्यात धो-धो पाऊस. हॉटेलच्या रिसेप्शनवर उभं राहून ‘उन्हाळ्यात या, ऊन असतं’ असं सांगितलंत तर पाहुणा जुलैचं तिकीट काढेल. तेव्हा ‘आं मे’ (मे महिन्यात) असं स्पष्ट म्हणा.

२४ जूनचं उदाहरण घ्या. आपल्याकडे त्या दिवशी सांजांव, पाऊस नुकता लागलेला, विहिरी भरत आलेल्या. फ्रान्समध्येही तो सेंट जॉनचाच दिवस, पण उन्हाळ्याच्या तोंडावरचा, आणि बऱ्याच ठिकाणी रात्री होळीसारखे मोठे जाळ पेटवतात. ‘से लेते आं फ्रांस. आ गोआ, से ला मुसों.’ इथे ‘से’ म्हणजे ‘हे आहे’. ओळख करून देताना, नाव सांगताना हाच ‘से’ वापरतात.

पायरी पाचवी: थंडी आहे, थंड आहे, थंडी वाजते

या पायरीवर हवा तेवढा वेळ काढा. मराठी मुलांच्या सर्वाधिक चुका इथे होतात, आणि मराठीचाच नीट विचार केला तर त्या टळतात.

हवेबद्दल बोलायचं तर ‘इल फे’: इल फे फ्रुआ, थंडी आहे. इल फे शो, उकडतंय. इल फे बो, हवा छान आहे. ‘फे’ हे करणे या क्रियापदाचं रूप. पावसाला स्वतंत्र क्रियापद आहे: इल प्लो. हा ‘ओ’ आपला नव्हे. ओठ ‘ओ’चे ठेवा आणि जिभेने ‘ए’ म्हणा, मग येतो.

एखाद्या गोष्टीचा गुण सांगायचा तर ‘ए’, म्हणजे असणे: लिव्हेर ए फ्रुआ, हिवाळा थंड असतो. इथे विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे बदलतं. ‘ला सेझों ए फ्रुआद.’ लिहिताना पुल्लिंगी रूपाच्या शेवटी डी असतो, मुका. स्त्रीलिंगी करताना पुढे ई लागतो आणि डी बोलू लागतो. शो चं शोद, कोरडा या अर्थाच्या सेक चं सेश. मराठीत ‘कोरडा वारा, कोरडी हवा’ म्हणतो तेच हे. आणि जसं आपलं ‘सुंदर’ कुठल्याही लिंगात सुंदरच राहतं, तसं त्यांचं ‘आग्रेआब्ल’ (सुखद) दोन्ही लिंगांत तेच. ‘इल फे’नंतरचं विशेषण मात्र कधी बदलत नाही, तिथे नामच नाही.

आणि स्वतःला थंडी वाजत असेल तर? तिथे असणे नाही, करणेही नाही. तिथे ‘माझ्याकडे आहे’ या अर्थाचं क्रियापद: जे फ्रुआ. विद्यार्थी इंग्रजीवरून भाषांतर करून ‘ज सुई फ्रुआ’ म्हणतात आणि त्याचा अर्थ होतो, मी थंड स्वभावाचा आहे. मराठीत आपण तरी ‘मी थंड आहे’ कुठे म्हणतो? ‘मला थंडी वाजते’ म्हणतो. भूक, तहान, भीती, झोप यांचंही तसंच, ‘मला लागते, मला येते’. जिथे मराठीत ‘मला’ आणि शरीराची एखादी गरज येते, तिथे फ्रेंचमध्ये बहुधा ‘जे’ येईल, असं धरून चाला.

‘आवडणे’ला मात्र हा आडाखा चालत नाही. ‘मला पावसाळा आवडतो’ यात पावसाळा कर्ता आहे. फ्रेंचमध्ये कर्ता ‘मी’: जेम ला मुसों. ‘ज’ म्हणजे मी (टेलिव्हिजनमधला ज) आणि ‘एम’ यांची इथेही संधी झालीच. आवडीनिवडी सांगताना ल, ला गाळायचे नाहीत.

विशेषणाची जागाही पाहून ठेवा. बहुतेक विशेषणं नामाच्या मागे येतात: यून सेझों फ्रुआद, ला सेझों सेश. काही मोजकी, रोजच्या वापरातली, मराठीसारखी पुढे: ला बेल सेझों, म्हणजे वर्षातले चांगल्या हवेचे दिवस. पावसाळ्याला ‘ला सेझों दे प्लुई’, पावसांचा ऋतू. यातला ‘दे’ म्हणजे ‘द’ अधिक ‘ले’, ‘आ’ आणि ‘ल’ मिळून ‘ओ’ झालं तसंच.

पायरी सहावी: वाक्य आपलं करा

आता मूळ वाक्यातला रोज एकच भाग बदला आणि बाकी सगळं जसंच्या तसं ठेवा. आधी जागा: आं फ्रांस काढून आ गोआ. मग संख्या आणि नावं: ‘आ गोआ, इल या त्रुआ सेझों: लेते, ला मुसों ए लिव्हेर.’ मग नकार, मग प्रश्न. प्रश्नासाठी सगळ्यात सोपं म्हणजे वाक्याच्या आधी ‘एस क’ लावणं: ‘एस किल या अंनिव्हेर आ गोआ?’ गोव्यात हिवाळा असतो का?

एकावेळी दोन गोष्टी बदलू नका. चूक झाली तर ती कुठे झाली हे शोधता आलं पाहिजे.

आठवडाभरात असा परिच्छेद लिहिता येईल: ‘जाबित आ फोंडा. आ गोआ, इल या त्रुआ सेझों. आं मे, इल फे त्रे शो. आं ज्युइये, इल प्लो बोकू. ज प्रेफेर ला मुसों, पार्स क तू ते व्हेर.’ मी फोंड्यात राहतो. गोव्यात तीन ऋतू आहेत. मेमध्ये खूप उकडतं. जुलैमध्ये खूप पाऊस पडतो. मला पावसाळा जास्त आवडतो, कारण सगळं हिरवंगार असतं. मुलगी लिहीत असेल तरी या पाचही वाक्यांत काहीच बदलत नाही, मराठीत मात्र ‘राहते’ करावं लागतं. शेवटच्या ओळीतला ‘ते’ नीट ऐका: मुका टी पुढच्या स्वरामुळे जागा झाला, आंनिव्हेरमधल्या न सारखाच.

परिच्छेद दुसऱ्या कुणाला वाचून दाखवा आणि त्याला विचारा: ‘केल सेझों प्रेफेरे व्हू?’ कोणता ऋतू तुम्हाला जास्त आवडतो? ‘व्हू’ म्हणजे तुम्ही, एका माणसालाही आदराने. मित्राला ‘त्यू’. कुणाला काय म्हणायचं यासाठी घरातल्या सवयीवरच चालू नका. मराठीत आपण आईला ‘तू’ म्हणतो आणि वडिलांना बऱ्याच घरांत ‘तुम्ही’. फ्रेंच घरांत साधारणपणे दोघांनाही ‘त्यू’. अनोळखी मोठ्या माणसाला, दुकानदाराला, पाहुण्याला ‘व्हू’.

हे सहज जमू लागलं की काळाकडे वळा, आणि तेही याच वाक्यांतून. भविष्यकाळाचा सोपा प्रकार म्हणजे जाणे या क्रियापदाचं रूप आणि पुढे मूळ क्रियापद, मराठीत ‘पडणार आहे’ म्हणतो तसं. ‘इल प्लो’चं होतं ‘इल व्हा प्लव्हुआर’. भूतकाळात ‘इल आ प्ल्यू’, पाऊस पडला. मेच्या शेवटच्या आठवड्यात आभाळ भरून येतं तेव्हा रोज संध्याकाळी या तिघांपैकी लागू पडणारं वाक्य वहीत तारखेसह लिहा. जून संपेपर्यंत तिन्ही काळ हाताखालून गेलेले असतील.